होडीत न घेतलेली बाटली

घिवलीहून शिरगावला मी नवरी म्हणून गेले ती होडीतून. आमच्यात तेव्हा तसंच होतं. रस्त्यानं जायचं तर बोईसर, पालघर असा मोठा वळसा पडायचा, आणि वऱ्हाड, ट्रंका, भांडी, म्हातारी माणसं घेऊन एवढा वळसा कोण घालणार. समुद्रावरून मात्र किनारा धरून सरळ खाली जायचं. दुपारच्या वाऱ्यावर शीड लावलं की दिवेलागणीच्या आत शिरगाव. होडी माझ्या सासऱ्यांचीच होती. ते तांडेल होते. होडी त्यांची आणि सुकाणूही त्यांच्याच हातात.

हे साठच्या दशकातलं. तारापूरला अणुवीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दिवसभर सुरुंगांचे आवाज यायचे आणि बोईसरच्या रस्त्यावर ट्रकांची धूळ असायची. राज्यात दारूबंदी होती. ज्याच्याकडे परमिट, त्यालाच दारू. बाकीच्यांच्या हातात नुसती बाटली सापडली तरी गुन्हा. पण दमण आम्हांला जवळ, आणि दमणला बंदी नव्हती. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांत दारू मिळत नव्हती असं कोणी म्हणू नये. मिळायची, फक्त तिचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे.

लग्नात नवरीच्या बापानं व्याह्याच्या हातात बाटली द्यायची, व्याह्यानं होडीवर उभं राहून त्यातली धार दर्याला घालायची आणि उरलेली घरी नेऊन भावकीला वाटायची, असा आमच्यातला जुना रिवाज. बंदी आल्यापासून बरेच जण नारळाच्या पाण्यावर भागवत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, तसंच केलं होतं. त्याचं तिच्या सासऱ्यानं पुढं कित्येक वर्षं भांडवल केलं. सणावाराला बा तिच्याकडे गेला की तो सासरा चारचौघांत म्हणायचा, "यांनी पाणी देऊन पोर दिली." बा हसून साजरं करायचा. घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही.

माझ्या वेळी बानं ठरवलंच होतं. लग्न ठरवायला माझे सासरे आमच्याकडे आले, तेव्हा सगळं बोलून झाल्यावर, उठता उठता ते म्हणाले, "एक सांगून ठेवतो. आमच्या होडीवर दारू चडत नाय. वऱ्हाडातला कोणी घेऊन आला तर मी त्याला उतरवतो. मागनं राग नको."

बा म्हणाला, "पोलिसांचं म्हनता?"

"पोलिसांचं नाय. होडीचं."

बानं मान हलवली. त्याला वाटलं, सगळेच तांडेल असं बोलतात. माणसं ताब्यात राहावीत म्हणून बोलावंच लागतं. ते व्याह्याच्या बाटलीलाही लागू असेल हे त्याच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

लग्न माघात लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. भरतीला होडी किनाऱ्याजवळ येत असे, पण पाण्यात उतरूनच चढावं लागे. मला माझ्या मामानं उचलून आत ठेवलं. ट्रंक आली, कळशी आली, बाया आल्या. माझा नवरा मुंडावळ्या बांधलेला, नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, कोणाच्या डोळ्यात न बघता उभा होता. मी पण त्याला अजून नीट पाहिलं नव्हतं. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. सासरे सुकाणूपाशी उभे राहून पाण्याकडे बघत होते, कारण भरती पुरी व्हायला आली होती आणि खडकांमधली वाट फार वेळ मोकळी राहत नाही.

तेवढ्यात बा पाण्यातून चालत आला. कमरेपर्यंत पाणी होतं. त्यानं दोन्ही हात वर धरले होते आणि हातांत नव्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं टॉवेल जरासा बाजूला केला आणि काळसर काचेचा गळा दिसला. दमणची होती. ती त्यानं कधी आणली, कुठं पुरून ठेवली होती, मला माहीत नव्हतं. नंतर कळलं की आयेलाही, म्हणजे माझ्या आईलाही, माहीत नव्हतं.

"व्याही," बा म्हणाला, "ही तुमाला. दर्याला धार घाला आन मंग शीड चडवा."

सासऱ्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग बाकडे. "मी बोललो होतो ना."

"ही काय कोनाची प्यायची हाय? रिवाजाची हाय."

"रिवाजाची असो. होडीवर नको."

"धार घालन्यापुरती तरी."

"एक थेंब नको, व्याही. तुमी नारळ द्या. मी डोक्याला लावून घेतो."

नारळ हा शब्द ऐकला आणि बाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. किनाऱ्यावर सगळा गाव उभा होता. माझी थोरली बहीण होती, तिचा सासराही होता, आणि तो हसत होता हे मला होडीतून स्पष्ट दिसलं. बा तसाच पाण्यात उभा राहिला. लाट आली की तो थोडा हलायचा, पण हात खाली आणत नव्हता.

"माजी पोर नेता," तो म्हणाला, "आन माज्या हातचं नेत नाय. मंग पोर तरी कशाला नेता?"

सासूबाईंनी माझा हात धरला. मला एकाच वेळी बाचा राग आला आणि सासऱ्यांचा आला. इतकी माणसं, इतकी हळद, इतका स्वयंपाक, आणि हे दोघं एका बाटलीवर अडून बसले होते. मी उठून काही बोलावं असं वाटलं, पण नवरीनं बोलायचं नसतं, आणि बोलले असते तरी कोणाच्या बाजूनं बोलले असते हे मला आजही सांगता येणार नाही.

सुकाणूपाशी उभा असलेला माणूस काय करणार याची सगळे वाट बघत होते. सासऱ्यांनी सुकाणू सोडलं. धोतर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. बासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी ती बाटली घेतली, कपाळाला लावली, आणि म्हणाले, "घेतली. तुमच्या हातची घेतली. पोरीला आमी नेतो आन हिला पन नेतो. पन ही होडीतून येनार नाय. मी हिला घेऊन चालत येतो."

माझा नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "बाबा, सुकानू कोन धरनार?"

"तू."

"आन तुमी बोईसर, पालघर एवढा फेरा घालनार?"

किनाऱ्यावरून कोणीतरी म्हणालं, मुरब्यापर्यंत चाला आणि तिथून तरीच्या होडीनं खाडी ओलांडा, सातपाटीतून शिरगाव जवळच, रात्र पडायच्या आत घरी. सासरे म्हणाले, "तर पन होडीच हाय." आणि ओला टॉवेल बाटलीभोवती नीट गुंडाळून ते वाळूवरून रस्त्याकडे चालू लागले. मागं वळून पाहिलं नाही.

बा पाण्यातच होता. त्याला काही कळत नसल्यासारखा तो त्यांच्या पाठीकडे बघत होता. मग शीड चढलं, होडी वळली, आणि मला माझं रडूही नीट रडता आलं नाही.

त्या प्रवासातलं मला फार थोडं आठवतं. नवऱ्यानं मुंडावळ्या काढून कमरेला खोचल्या होत्या आणि तो लग्नाच्या कपड्यात सुकाणू धरून बसला होता. गाणी म्हणायला आलेल्या बाया गप्प होत्या. वारा झोंबत होता म्हणून सासूबाईंनी स्वतःचा पदर माझ्या डोक्यावर ओढला. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तो येईल. हट्टी हाय, पन वाट चुकत नाय."

ते आले नाहीत. आम्ही शिरगावला पोचलो, माणसं वाट बघत थांबली, मग सासूबाईंनीच पुढं होऊन मला घरात घेतलं. भावकीतल्या एका म्हातारीनं म्हटलं, घरधन्याशिवाय सून घरात घेतात का. सासूबाई म्हणाल्या, "घरधनी तिच्याच बापाचा मान घेऊन येतोय. ती दारात थांबेल होय?" मी आत गेले. जेवणं झाली, दिवे मालवले. मला झोप लागली नाही, आणि शेजारच्या खोलीत सासूबाईंनाही लागली नव्हती. त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालघरच्या बाजाराला मासळी घेऊन गेलेली शेजारची बाई रिकामी पाटी घेऊन परत आली. ती दारातूनच म्हणाली, "तुमचा तांडेल पालघरला हाय. चौकीत."

सासऱ्यांनी तिच्याकडे निरोप दिला होता. पहिला, काळजी करू नका. दुसरा, घिवलीला कळवू नका.

काय झालं ते त्यांनीच पुढं सांगितलं, तेही थोडंथोडं करून. ते चालत बोईसरपर्यंत आले होते. तिथून पालघरची एसटी धरायची होती. बोईसर तेव्हा बदलत होतं. वीजकेंद्राच्या कामावर कुठून कुठून माणसं आलेली, स्टेशनाबाहेर नवी हॉटेलं, जिकडेतिकडे हिंदी. त्या माणसांना दमणची दारू विकली जाते म्हणून पोलीस येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होते. सासरे बाकावर बसलेले, मांडीवर टॉवेलातली बाटली, एखाद्या पोराला घेऊन बसावं तशी. शिपायानं त्यांना परगावचा मजूर समजून विचारलं, "क्या है इसमें?"

सासरे म्हणाले, "दारू हाय."

शिपायाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. त्यानं टॉवेल उघडला. मग मराठीत विचारलं, "कोणाची?"

"माजी."

"परमिट?"

"नाय."

त्यानं सासऱ्यांना पालघरच्या चौकीत आणलं.

हे कळलं तेव्हा घरात सोयऱ्यांची गर्दी होती. नव्या नवरीचा पायगुण वगैरे जे बोलायचं ते बाया माझ्यासमोरच बोलल्या. सासूबाई चुलीपाशी बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिनं बाटली धरली होती काय?" पण पायगुणाचे ते शब्द माझ्या कानात राहिले, आणि पुढं बरीच वर्षं घरात काही वाईट घडलं की मी आधी इतरांचे चेहरे बघायचे.

माझा नवरा पालघरला निघाला. पायात चपला घालत होता तेव्हा मी दाराआड जाऊन त्याला हाक मारली. आमचं पहिलं बोलणं हेच.

मी म्हटलं, "आधी घिवलीला जा. बाला सांगा."

"बाबांनी सांगितलंय, कळवू नका."

"मी ऐकलं. तरी सांगा."

"तुजा बाप चौकीत जाऊन काय म्हनेल ठावं हाय ना तुला?"

मला ठाऊक होतं. बा चौकीत जाईल आणि बाटली माझी आहे म्हणेल. दुसरं काही म्हणणं त्याला जमलं नसतं. माझा नवरा आईला विचारायला गेला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुजा बाप हाय," त्या म्हणाल्या. "तू सांग."

मी म्हटलं, "कळवा."

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मात्र विचार असा केलाच नाही. बाच्या नावावर दुसरा माणूस कोंडलेला आहे आणि बाला पत्ताच नाही, तो घिवलीला जाळं सुकत घालतो आहे, बहिणीच्या सासऱ्याला ‘मी पण बाटली दिली’ म्हणून सांगतो आहे, हे मला डोळ्यांपुढं दिसलं आणि सहन झालं नाही. एवढंच.

त्यानंतरच्या दिवशी सासूबाई मला घेऊन पालघरला गेल्या. अंगावरची हळद उतरली नव्हती. भाकरी आणि सुकटाचं कालवण बांधून घेतलं होतं. चौकीच्या ओसरीवर आम्ही बसलो, तर आतून बाचा आवाज आला. तो आदल्या संध्याकाळीच येऊन पोचला होता.

फौजदार घाटावरचा, तरुण माणूस होता. टेबलावर बाटली उभी होती, तिच्या गळ्याला दोरी बांधून लाखेची मोहर केलेली. तिच्याकडे बोट दाखवून तो सासूबाईंना म्हणाला, "बाई, मी इथं आल्यापासून एकाही बाटलीला मालक मिळालेला नाही. जो तो म्हणतो, मला ठाऊक नाही, कोणी ठेवली माहीत नाही. आणि हिला दोन मालक. हे म्हणतात माझी, ते म्हणतात माझी. मी लिहू काय?"

"दोघांचीबी हाय," सासूबाई म्हणाल्या. "एकानं दिली, एकानं घेतली."

फौजदारानं पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं त्यानं आम्हांला भाकरी आत द्यायला परवानगी दिली.

गजांच्या आत दोघं एकमेकांपासून लांब, दोन भिंतींना टेकून बसले होते. बानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. सासरे उठून पुढं आले. त्यांनी भाकरीचं फडकं घेतलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तू कळवलंस?"

"हो."

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी फडकं सोडलं, एक भाकरी काढली, तिच्यावर कालवण घातलं आणि ती नेऊन बाच्या पुढं ठेवली. मग आपली घेऊन त्याच्या शेजारी बसले. बा बराच वेळ जेवला नाही. सासरेही जेवले नाहीत. शेवटी बानं घास मोडला, तेव्हा त्यांनीही मोडला. आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो.

कोर्टात ते लवकरच उभे राहिले. मॅजिस्ट्रेट वयस्क होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "तुमची होडी तिथंच उभी होती. समुद्रावर कोणी तपासायला नव्हतं. रस्त्यावर पोलीस असतात हे तुम्हांला ठाऊक. मग बाटली रस्त्यानं का नेलीत?"

सासरे म्हणाले, "होडीवर दारू चडत नाय, साहेब."

"का?"

"चडत नाय."

मॅजिस्ट्रेटांनी कागदावर लिहून घेतलं. सासऱ्यांना दंड करून सोडलं. बाला विचारलं, कोणाकडून घेतलीस. तो म्हणाला, दमणला एकाकडून. नाव काय? नाव सांगणार नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ज्यानं आणून दिली तो मुलाबाळांचा माणूस असणार, किंवा गावातलाच कोणी असणार, मला कधीच कळलं नाही. नाव दिलं नाही म्हणून बाला ठाण्याच्या तुरुंगात पाठवलं. शिमगा होऊन जाईपर्यंत तो तिथं होता.

मला निघताना त्याला भेटू दिलं. हातात बेडी होती म्हणून तो हात टॉवेलाखाली झाकून धरत होता, तोच टॉवेल. मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, "रडू नको. घरी जा. तुजं घर शिरगावला हाय आता." मग म्हणाला, "तुजा सासरा बाटली घेऊन गेला ना चालत. मी त्याच्या पाठीकडं बघत होतो. असा मान माजा कोनी केला नव्हता."

शिरगावला परतल्यावर दोन-चार दिवसांनी सासरे पहाटे उठून लहान होडी घेऊन घिवलीला गेले. मोठी होडी आणि स्वतःचं काम त्यांनी माझ्या नवऱ्यावर सोपवलं. बाची घिवलीच्या समुद्रात डोल होती, म्हणजे खांबांना बांधलेलं जाळं. ते वेळच्या वेळी उचललं नाही तर मासळी कुजते आणि जाळंही जातं. माझा भाऊ तेव्हा मुंबईला कामाला होता. आये एकटी. सासरे तिथं माझ्या काकाच्या पडवीत झोपायचे, बाची डोल उचलायचे, मासळी आयेच्या दारात ओतायचे आणि दोन-तीन दिवसांनी परत यायचे. पुन्हा जायचे. आये मला पुढं म्हणाली, "पहिल्या दिवशी मी दार उगडलं नाय. मला वाटलं, हाच तो मानूस, यानं होडीत घेतली असती तर. मासळी दारात पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतली. मंग मी दार उगडलं."

एकदा ते असेच घिवलीहून आले होते आणि अंगणात जाळं विणत बसले होते. मी पाणी आणून दिलं आणि तिथंच थांबले. घरात कोणी नव्हतं. मी विचारलं, "मामा, होडीवर दारू का चडत नाय?"

त्यांनी हातातली सुई थांबवली नाही. "माजा एक भाऊ होता," ते म्हणाले. "माज्याहून धाकटा. तुजा नवरा तेव्हा रांगत होता. आमी लांब गेलो होतो, मासळी चांगली गावली. येताना सगळ्यांनी घेतली. ज्यानं त्यानं आपापली आनलेली होती. मी पन घेतली. मी तांडेल. मी पन."

मी रिकामा तांब्या हातात घेतला.

"उजाडलं तेव्हा तो होडीत नव्हता. कवा पडला, कुठं पडला, एकालाबी सांगता येईना. हाक मारली असेल त्यानं. पोहायला चांगला होता. हाक मारली असेल आन बराच वेळ मारली असेल." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मागं फिरलो. दोन भरत्या शोधलं. गावला नाय. आईनं विचारलं, तू कुठं होतास? मी म्हनालो, होडीतच होतो."

मग ते म्हणाले, "दारूवर माजा राग नाय. शिमग्याला मी पन घेतो, जमिनीवर बसून. होडीवर नको."

"बाला हे सांगितलं असतं तर त्यानं आनलीच नसती."

"हां," ते म्हणाले. "सांगायला पायजे होतं. तोंडातून येत नाय."

सासूबाईंखेरीज हे घरात कोणाशी बोललं जात नसे. माझ्या नवऱ्याला काका बुडाला एवढंच माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

शिमगा झाल्यावर बा सुटला. सुटला तो घरी गेला नाही. पालघरला उतरून चालत आधी शिरगावला आला. आम्ही दुपारची मासळी सुकत घालत होतो. मला तो आधी ओळखू आला नाही. दाढी पांढरी झाली होती आणि खांदे खाली आले होते, आणि दर चार पावलांनी त्याला खोकल्यासाठी थांबावं लागत होतं. सासऱ्यांनी त्याला लांबूनच पाहिलं. ते पुढं गेले, त्याच्या हातातली पिशवी घेतली, ओसरीवर बसवलं, आणि मी पाणी आणायच्या आधी स्वतः आत जाऊन तांब्या घेऊन आले.

बानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "व्याही," तो म्हणाला, "फौजदार मला म्हनाला, तुमचा व्याही येडा हाय. मी म्हनालो, असेल."

सासरे हसले नाहीत. ते त्याच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. मी आत निघून आले. दारातून मला बाची मान खाली गेलेली दिसत होती. सासरे बोलत होते आणि बाचा एक हात त्यांच्या गुडघ्यावर होता. तोंडातून येत नाही म्हणाले होते, पण त्या दिवशी आलं असावं.

संध्याकाळी बानं मला बाजूला घेऊन विचारलं, "माज्यापायी तुला इथं काय सोसावं लागलं?"

मी म्हटलं, "काय नाय."

ते पुरतं खरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी त्याला होडीतून घिवलीला पोचवलं आणि मीही माहेरी म्हणून सोबत गेले. किनाऱ्यावर आये उभी होती. ती त्याचा खांदा धरून त्याला वाळूवरून घरापर्यंत घेऊन गेली.

बाचा खोकला गेला नाही. तुरुंगात लागला की आधीपासून होता, डॉक्टरांना सांगता आलं नाही. डोल उचलणं त्याच्यानं पुन्हा झालं नाही. तो पुढं दोन-तीन वर्षं काढून गेला. माझी थोरली मुलगी त्यानं पाहिली, तिला मांडीवर घेऊन किनाऱ्यावर बसायचा. तो गेला तेव्हा वीजकेंद्राच्या उंच भिंती घिवलीतून दिसायला लागल्या होत्या आणि त्या बाजूच्या पाण्यात जायला लोकांना मनाई झाली होती. त्याच्या डोलीचे खांब कोणीतरी उपटून नेले.

आये म्हातारी झाली तरी घिवली सोडायला तयार नव्हती. भावानं मुंबईला बोलावलं, मी शिरगावला बोलावलं. ती म्हणायची, इथंच बरं. तिच्या घराला अजून कौलं नव्हती, नारळाच्या विणलेल्या झापांचं छप्पर होतं. दर वर्षी पावसाच्या आधी माझे सासरे होडीत झाप भरून तिकडे जायचे आणि स्वतः वर चढून छप्पर शाकारायचे. त्यांचंही वय झालं होतं. आये खाली उभी राहून सांगायची, व्याही, इकडं पातळ झालंय, तिकडं गाठ सैल बांधली. ते वरून म्हणायचे, बांधतो. आणि ती गाठ सोडून पुन्हा बांधायचे.